मार्कचं माळवद, लूकची कौलं

बायबलातल्या मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाशी आमच्या आज्जीचं कधी जमलंच नाही. गोष्ट प्रत्येक शब्बाथ शाळेत शिकवतात तीच. कफर्णहूम गावातल्या एका घरात येशू बोलतोय, दारापर्यंत माणसं दाटलीत. चौघेजण एका पक्षघाती माणसाला बाजेवर घालून आणतात. आत शिरायला वाट नाही, म्हणून घरावर चढतात, छप्पर उकरतात आणि बाज खाली सोडतात. पाळकसाहेब या चौघांच्या विश्वासावर रंगून बोलायचे. आज्जी शांतपणे ऐकायची आणि घरी येताना वाटेत म्हणायची, "माणूस बरा झाला, लई चांगलं झालं. पण ते माळवद मंग कुणी लिंपलं?"

आम्ही हसायचो. आज्जी हसत नसे.

आमचं गाव नेवासा तालुक्यात. घर पाच खणांचं, माळवदाचं. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दगडमातीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर आडवे सर, सरांवर किलचन म्हणजे लाकडाच्या चिपा दाटीने बसवलेल्या, त्यावर तुराट्या-पाचोळा आणि सगळ्यात वर वीतभर मातीचा थर. माती कुठलीही चालत नाही. पडक्या गढीची पांढरी माती लागते, तिच्यातून पाणी सहजी उतरत नाही. दर साल मिरगाच्या आधी गढीवरून पाट्या भरून ती आणायची, माळवदावर पसरायची, पाणी मारून चोपायची. एवढं करूनही आषाढात कुठे ना कुठे ठिबकायचंच, मग त्याखाली पातेलं. ज्या बाईने पन्नास वर्षं हे केलंय, तिच्या डोळ्यांदेखत चार धडधाकट गडी माळवदात बाजेएवढं भोक पाडतात, आणि गोष्ट सांगणारा त्या भोकाबद्दल पुढे चकार शब्द काढत नाही. तिने काय करावं?

आज्जी लग्नानंतर मिशनच्या बायबल वुमनकडून, म्हणजे घरोघर जाऊन शास्त्र शिकवणाऱ्या बाईकडून, अक्षरं शिकली. अमेरिकन मराठी मिशनने नगरात १८३१ साली बस्तान बसवलं. तिथून गावोगाव शाळा निघाल्या, आणि त्या लाटेचं शेवटचं पाणी आमच्या घरापर्यंत पोचलं ते आज्जीच्या पाटीपर्यंत. पुढे आयुष्यभर तिने एकच पुस्तक वाचलं. काळ्या पुठ्ठ्याचं, पानांच्या कडा लाल असलेलं पवित्र शास्त्र. ती ते बोट ठेवून, मोठ्याने आणि शेजारणीशी भांडल्याच्या सुरात वाचायची.

माझ्या डोक्यात मात्र त्या गोष्टीची दोन चित्रं होती. एक आमच्या माळवदाचं. दुसरं शब्बाथ शाळेत मिळणाऱ्या रंगीत कार्डावरचं, परदेशातून छापून आलेलं. त्यात घर पांढरंशुभ्र, खांबांचं, छपराला सुरीने केक कापावा तसं चौकोनी भोक. खालच्या माणसांच्या अंगावर मातीचा कण नाही. येशूचे केस मधाच्या रंगाचे. दोन चित्रांमध्ये छापलेलं चित्र खरं असणार, असं मी धरून चालले. छापलेलं ते खरं, ही आमच्या पिढीची साधी समजूत. आज्जीचं घर काय, ते तर रोजचंच.

गेल्या पावसाळ्यात आमच्या पुण्यातल्या मंडळीत मुलांचा वर्ग माझ्याकडे आला आणि हीच गोष्ट शिकवायची वेळ आली. मी जोशात सांगत होते, तोवर एकाने विचारलं, "मिस, स्लॅब कसा तोडला? ड्रिल मशीन होतं?"

वर्गातली सगळी मुलं फ्लॅटमधली. त्यांच्या डोक्यावर छप्पर नसतंच. असतो तो वरच्यांचा फ्लोअर. त्या रात्री मी लॅपटॉप उघडला. मोबाईलवर मराठी शास्त्र, लॅपटॉपवर कफर्णहूम. म्हटलं, एकदा बघूया तरी ते घर होतं कसं.

पहिलाच फोटो उघडला आणि मी थबकले. सगळं काळं. काळ्या दगडाच्या भिंती, काळ्या दगडाच्या उंबऱ्या, अंगणात काळी जाती. खाली लिहिलेलं, बेसॉल्ट. बेसॉल्ट म्हणजे आपलाच काळा कातळ, ज्याच्या वेरूळच्या लेण्या आणि आमच्या नेवाशाच्या वेशी. दख्खनचा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, कफर्णहूम ज्या मुलखात आहे त्या गालीलचा त्यामानाने पोरसवदा, काही दशलक्ष वर्षांचा. पण फोटोत काय कळतंय. मला दिसला तो आमच्या गावचा पडका वाडा.

हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. गालील समुद्राच्या उत्तर काठावर काळा दगड आहे, ही गोष्ट कुठल्याही प्रवचनात यायचं कारणही नाही म्हणा.

कफर्णहूमात फोटो काढणारे लोक बहुतेक एका पांढऱ्या इमारतीचे काढतात. चुनखडीच्या दगडाचं देखणं सभास्थान, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, खांब अजून उभे. आणि खाली खुशाल लिहितात की इथे येशूने शिकवलं. ती इमारत चौथ्या-पाचव्या शतकातली, म्हणजे येशूनंतर तीनशे-चारशे वर्षांची. तिच्या पायाशी वाकून बघितलं तर काळ्या दगडाची जुनी भिंत दिसते. ती आधीच्या सभास्थानाची असावी असं बऱ्याच जणांचं मत आहे. मी ती काळी-पांढरी सांध असलेला फोटो शोधून काढला आणि बराच वेळ बघत बसले. आमच्याकडे जुन्या हेमाडपंती जोत्यावर नंतरच्या कुणीतरी चुन्याचं बांधकाम केलेलं असतं, अगदी तसं.

सभास्थानापासून थोड्याच पावलांवर एक घर आहे. फ्रान्सिस्कन या कॅथलिक पंथाच्या लोकांनी ही जागा १८९४ साली घेतली आणि १९६८ पासून तिथे नेटाने उत्खनन झालं. घर साधंच, अंगणाभोवतीच्या खोल्या. पण त्यातल्या एका खोलीला पुढच्या काळात गिलावा केलेला सापडला, त्यावर यात्रेकरूंनी खरडलेली अक्षरं सापडली, आणि पाचव्या शतकात नेमक्या त्याच खोलीभोवती कुणीतरी अष्टकोनी चर्च बांधलं. म्हणजे लोकांनी ही खोली फार आधीपासून येशूच्या शिष्याची, पेत्राची मानली होती. ती खरंच त्याची होती का, यावर मी वाद घालणार नाही. पंढरपुरात नामदेव पायरी दाखवतात तिथे कुणी पुरावा मागत नाही. आता त्या अवशेषांवर १९९० मध्ये बांधलेलं नवं चर्च खांबांवर तरंगतंय, बशीसारखं. मला ते आवडलं नाही. घरावर बसायला आलेल्या पाहुण्यासारखं दिसतं.

मला हवं होतं छप्पर. छप्पर अर्थातच उरलेलं नाही. माती-लाकडाचं छप्पर दोन हजार वर्षं कुठलं टिकतंय. पण भिंतींवरून अंदाज बांधता येतो. दगड न घडवलेले, तसेच रचलेले. अशा भिंतीवर मजला चढत नाही, जड छप्पर पेलत नाही. अंगणातून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या मात्र आहेत. वर होतं ते लाकडाच्या वाशांवर फांद्या-काटक्या आणि त्यावर चोपलेली माती.

मी लॅपटॉप तसाच ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि चहा ठेवला. माळवद! आज्जीचं बरोबर होतं. छापील कार्ड चुकीचं होतं.

मग मार्कचा मजकूर परत वाचला. ग्रीकमध्ये तो छपराबद्दल दोन क्रियापदं वापरतो. आधी छप्पर उघडलं असं म्हणतो आणि मग सरळ 'खोदलं' असं म्हणतो. खोदलं! कौलं कुणी खोदत नाही, पत्रा कुणी खोदत नाही. खोदायला माती लागते. मार्कला, किंवा ज्याच्या तोंडून त्याने गोष्ट ऐकली त्याला, ते घर ठाऊक होतं.

खरी गंमत लूककडे आहे. तीच गोष्ट लूक आपल्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात सांगतो आणि त्याच्याकडे ते चौघे बाज सोडतात ती कौलांमधून. ग्रीक मजकुरात चक्क कौलंच आहेत, भाजलेल्या मातीची. गालीलच्या खेड्यात अशी कौलं नव्हती. ती ग्रीक आणि रोमन शहरांतल्या घरांवर असायची. ज्यांना ग्रंथांत विसंगती शोधायची हौस असते त्यांना इथे खाद्य मिळतं. मला मात्र आमच्या ऑफिसातली एक गुहागरची मैत्रीण आठवली. तिला ही गोष्ट सांगितली तर ती पटकन म्हणाली, "त्यात काय, दोन पोरं चढवायची, चार कौलं सरकवायची. आमच्याकडे चोरसुद्धा तसेच येतात." तिने ऐकतानाच घर बदललं होतं. माझ्या देशावरच्या माळवदाचं तिच्या डोक्यात कोकणातलं कौलारू घर झालं होतं, आणि गोष्ट जराही अडखळली नव्हती. लूकने तेच केलं असावं. त्याचे वाचक शहरातले ग्रीक बोलणारे लोक, त्यांना 'छप्पर खोदलं' म्हटलं तर ते माझ्या वर्गातल्या मुलासारखे ड्रिल मशीन शोधत बसले असते.

मार्क देशावरचा, लूक कोकणातला. त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात हे असंच बसलंय. आता निघणार नाही.

नंतर मी त्या बाजेच्या मागे लागले. मराठी शास्त्रात 'बाज' आहे. "ऊठ, आपली बाज उचलून घेऊन आपल्या घरी जा." पलंग नाही, शय्या नाही, बिछाना नाही. चार पायांची, सुंभाने विणलेली, एका माणसाला उचलता येईल अशी. मार्कच्या ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो 'क्राबात्तोस', गरिबाघरच्या अंथरुणाचा, सुशिक्षितांनी नाक मुरडावं असा शब्द. इथेही लूकने ही गोष्ट सांगताना शब्द बदलून जरा बरा घेतला आहे.

या शब्दावरून झालेलं एक भांडण पाचव्या शतकातल्या सोझोमेन नावाच्या इतिहासकाराने नोंदवून ठेवलंय. सायप्रसमध्ये बिशपांची सभा होती. ट्रिफिलियस नावाचे एक बिशप, कायदा शिकलेले, वक्तृत्वात वाकबगार, याच वचनावर बोलत होते. 'आपला क्राबात्तोस उचल' म्हणायच्या जागी त्यांनी शिष्टसंमत ग्रीक शब्द वापरला. समोर बसलेले स्पिरिडोन नावाचे बिशप, जे आधी मेंढपाळ होते, ताडकन उठले. ज्याने क्राबात्तोस म्हटलं त्याच्यापेक्षा तू मोठा झालास का, की तुला त्याच्या शब्दांची लाज वाटते, असं म्हणून सगळ्यांदेखत चालते झाले. गावच्या शाळेतून आलेल्या ज्या पोराला शहरातल्या वर्गात 'बाज नाही, खाट म्हण' असं कुणी ऐकवलं असेल, त्याला स्पिरिडोन कोण होते हे वेगळं सांगायला नको.

क्राबात्तोस डोळ्यांनी बघायची हौस मला कोडेक्स सिनायटिकसकडे घेऊन गेली. ही चौथ्या शतकात कातड्यावर लिहिलेली ग्रीक बायबलची प्रत. सिनाय पर्वताच्या पायथ्याशी सेंट कॅथरीनचा मठ आहे, तिथली. एकोणिसाव्या शतकात टिशेनडॉर्फ नावाच्या जर्मन विद्वानाने तिची पानं तिथून बाहेर नेली. कशी नेली, मठाची परवानगी नेमकी कशाला होती, यावर अजून वाद आहे. बहुतेक पानं रशियाच्या झारकडे गेली आणि १९३३ साली सोव्हिएत सरकारने ती एक लाख पौंडांना ब्रिटनला विकली. आज पानं चार ठिकाणी वाटली गेलीत, लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि खुद्द मठ. भावांनी वाटून घेतलेल्या शेतासारखी. २००९ साली या चौघांनी मिळून सगळी पानं पडद्यावर एकत्र आणली. एरवी हे पान मला काचेआडून बघायलाही मिळालं नसतं. आता रात्री अकरा वाजता कोथरूडमध्ये मी त्यावर बोट फिरवत होते.

पान मोठं, एका पानावर चार रकाने, रकान्यात अठ्ठेचाळीस ओळी. ग्रीक मला येत नाही. अक्षरओळख केली, तीही कामापुरती. पण पहिल्या नजरेत जे दिसलं ते ओळखीचं होतं. शब्दांमध्ये जागाच नाही. अक्षरामागून अक्षर, ओळ भरली की तुटेल तिथे तोडून खालच्या ओळीत. मोडीचे कागद ज्यांनी पाहिलेत त्यांना यात नवल वाटणार नाही. वाचणाऱ्याला आधीच माहीत असतं, किंवा मोठ्याने वाचत गेलं की कळतं, हा त्यातला हिशेब. आज्जीचं बोट ठेवून मोठ्याने वाचणं अडाणीपणाचं नव्हतं तर. फार जुन्या रीतीचं होतं.

त्या साइटवर एक सोय आहे. बाजूच्या छापील ग्रीक मजकुरातल्या शब्दावर टिचकी मारली की कातड्यावरचा तोच शब्द उजळतो. दुसरी सोय त्याहून भारी. पानावर बाजूने तिरपा उजेड टाकून काढलेला वेगळा फोटो दिसतो. त्यात अक्षरं मागे पडतात आणि कातडं पुढे येतं, सुरकुत्या, लहरी, ओळी सरळ याव्यात म्हणून मारलेल्या रेघा. हे कधीतरी एका जनावराच्या अंगावर होतं, हे त्या फोटोशिवाय मला सुचलं नसतं. शब्द सापडला. लिहिणाऱ्याने त्यात एका 'त'च्या जागी 'क' घातलाय, 'क्राबाक्तोस'. शुद्धलेखन कुणी ठरवून दिलं नाही अशा घरगुती शब्दांचं असंच होतं. आपल्याकडे चिपाड की चिप्पाड, पाट्या की पाटया, तसं.

मग मी उगाच मागे गेले, मार्कच्या पहिल्या ओळीकडे. छापील शास्त्रात तिथे येशू ख्रिस्ताला 'देवाचा पुत्र' म्हटलंय. या प्रतीत मूळ लेखकाने ते दोन शब्द लिहिलेलेच नाहीत. नंतर कुणीतरी दुरुस्ती करताना ते ओळीच्या वरच्या बाजूला बारीक अक्षरांत कोंबलेत, तेही संक्षेपात, डोक्यावर आडवी रेघ देऊन. पवित्र शब्द असे आखडून लिहायची त्यांची पद्धतच होती. याच प्रतीत मार्क संपतो तोही सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर, कबरेकडून पळालेल्या बायांवर, त्या भ्याल्या होत्या इथे. पुढची बारा वचनं इथे नाहीतच.

हे बघून माझ्या श्रद्धेला तडा गेला का, असं एका बाईंनी मला नंतर विचारलं. नाही गेला. वर कोंबलेली ती चिमुकली अक्षरं बघून मला तर धीर आला. कुणीतरी दिव्याशी बसून, दोन प्रती शेजारी ठेवून, 'अरे, हे राहिलं' म्हणून घाईने भरून काढलंय. माणसं होती तिथे.

आणि आपल्या मराठीत 'बाज' आणि 'गव्हाण' आणि 'भाकर' बसवणारीही माणसंच होती. त्यांतल्या एकीचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं, आयुष्याची शेवटची अठराएक वर्षं त्यात घातली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तेव्हा काम नुकतंच हातावेगळं झालं होतं. त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात, तिथल्याच बायांनी खिळे जुळवून ते १९२४ साली छापून पुरं केलं. संस्कृतात वाढलेल्या या बाईंचा हट्ट काय, तर खेड्यातल्या अर्धशिक्षित बाईला कळेल अशी मराठी हवी. म्हणजे आज्जीसारखीला. आज्जी वाचायची ते भाषांतर वेगळं, पण वाचणारी तीच.

सगळंच मात्र आमच्यासारखं निघालं नाही. ते सांगायला हवं, नाहीतर मी त्या काळ्या दगडाच्या नादात गालीलचं नगर करून टाकेन. लूकच्या पंधराव्या अध्यायात एका बाईचं नाणं हरवतं, ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते. लहानपणी मला वाटायचं, ही बाई जरा वेंधळी आहे. शेणाने सारवलेल्या गुळगुळीत जमिनीवर नाणं पडलं तर खणकन वाजेल आणि दिसेल. दिवसाढवळ्या दिवा कशाला? कफर्णहूमच्या फोटोत जमीन बघितली आणि बाईची माफी मागितली. काळ्या गोट्यांची फरसबंदी, दोन गोट्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी, खोलीला खिडक्या नावापुरत्या. त्या फटीत नाणं गेलं म्हणजे गेलंच.

जात्याचंही तसंच. लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात टाकावं, असं येशू म्हणतो. आज्जीला तिच्या जात्याची तळी दिसायची, जी ती दोन्ही हातांनी उचलायची. पण मार्कच्या ग्रीकमध्ये ते गाढवाचं जातं आहे, जनावर जुंपून फिरवायचं. तसल्या जात्यांचे काळे दगड तिथल्या अंगणांत अजून पडलेत, माणसाच्या कमरेएवढे. आज्जीच्या कल्पनेतल्या गुन्हेगाराला वर यायची थोडीफार आशा होती. याला नाही.

जात्यावरून जुन्या फोटोंकडे गेले. जेरुसलेमच्या अमेरिकन कॉलनीतल्या छायाचित्रकारांनी १८९८ पासून पुढची जवळजवळ पन्नास वर्षं पॅलेस्टाइनचे फोटो काढले. बावीस हजारांवर निगेटिव्ह, बऱ्याच काचेच्या, आता अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत आणि कुणालाही बघता येतात. त्यात दोघी बाया समोरासमोर बसून जातं ओढताहेत, एकाच खुंट्याला दोघींचे हात. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातल्या त्याच दोघी, ज्यांतली एक घेतली जाते आणि एक राहते. आमच्याकडे या वचनावर पाळकसाहेब शेवटच्या काळाबद्दल बोलत. आज्जीचा प्रश्न परत भलताच. जी राहिली तिला उरलेलं पायलीभर एकटीने दळावं लागलं असेल.

हे फोटो बघताना मी सुरुवातीला विरघळले होते. मग लक्षात आलं की बरेचसे मांडून काढलेत. तेविसाव्या स्तोत्रातला मेंढपाळ हवा म्हणून मेंढपाळ उभा केलाय, पवित्र देशाच्या आठवणी विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी. इथल्या माणसांत दोन हजार वर्षांत काही बदललंच नाही, असं त्या गिऱ्हाइकांना वाटायला हवं होतं. आपल्याकडे साहेबाने फोटो काढले आणि खाली जात, धंदा, नमुना असं लिहिलं, त्याच जातकुळीचं हे. जातं ओढणाऱ्या त्या दोघी बायबलमधल्या कुणी नव्हेत. १९०० च्या आसपासच्या पॅलेस्टिनी शेतकरणी, कुणाच्या तरी आज्ज्या. त्यांना कुणी नाव विचारलं नाही, घरी दळण किती राहिलंय तेही नाही. आज त्यांची नातवंडं-पणतवंडं कुठे आहेत, हा विचार मनात आला की पुढचा फोटो लगेच उघडवत नाही.

त्यापेक्षा हल्लीचे संगणकावर बनवलेले व्हिडिओ वाईट. त्यात गालीलचे सगळे लोक आत्ताच पार्लरमधून आल्यासारखे. माती कुणाच्याच नखात नाही. माझं ते जुनं रंगीत कार्ड नव्या कपड्यांत परत आलंय.

समुद्राबद्दल एक सांगते. मुलांना मी नकाशावर गालील समुद्र दाखवला तेव्हा स्केलपट्टी लावली. लांबी एकवीस किलोमीटर, रुंदी तेरा. आमचा पैठणचा नाथसागर क्षेत्रफळाने त्याच्या जवळजवळ दुप्पट. मार्क त्याला समुद्र म्हणतो. लूक, ज्याने खरा समुद्र पाहिला असणार, सरोवर म्हणतो. इथे मात्र मी मार्कच्या बाजूची. नाथसागरावर वारा सुटला की आमच्याकडचे भोई होडी काढत नाहीत, आणि त्यांना कुणी किलोमीटर सांगत बसत नाही. १९८६ साली दुष्काळात त्या सरोवराचं पाणी मागे हटलं, तेव्हा गिनोसारजवळच्या गाळात दोघा भावांना एक होडी सापडली, साधारण येशूच्या काळातली. सव्वाआठ मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद. तिच्यात बारा जातींचं लाकूड आहे. एक फळी कुजली, मिळेल ती दुसरी लावली, तीही गेली, तिसरी. आज्जीची गोधडी अशीच होती, मूळ लुगडं कुठलं ते शोधून सापडायचं नाही.

पुढच्या रविवारी मी वर्गात लॅपटॉप घेऊन गेले. आधी कफर्णहूमच्या भिंती दाखवल्या. मग गावाकडून चुलतभावाने पाठवलेला, शेजारच्या पडक्या घराचा फोटो, किलचन उघडं पडलेलं, वरून माती गळालेली. (आमच्या घरावर आता स्लॅब आहे. तोही गळतो.) मातीचं छप्पर कसं असतं, खोदताना खाली काय काय पडलं असेल, येशूच्या केसांत, शास्त्र्यांच्या झग्यांवर, हे मुलांनीच सांगितलं. फार खुशीत सांगितलं. मग मागच्या बाकावरचा एकजण, ज्यांच्या बिल्डिंगमध्ये लीकेजवरून दोन वर्षं पत्रापत्री चालली आहे, तो गंभीरपणे म्हणाला, "पण मिस, मग रिपेअरिंग कुणी केलं? टॉप फ्लोअरचं लीकेज असेल तर सोसायटीने करायचं असतं."

मी काही बोलले नाही. बोलायला लगेच सुचलंही नाही. दोघातिघांनी पेत्राचं नाव घेतलं, घर त्याचं म्हणून. एकाने त्या चौघांचं घेतलं, त्यांनीच तोडलं म्हणून. पुढे बसणारी एक लहानगी, जी एरवी तोंड उघडत नाही, मान वर न करता चित्र रंगवत होती. तिच्या चित्रात माळवद तपकिरी होतं आणि भोक वेडंवाकडं.

"तो माणूस बरा झाला ना," ती म्हणाली, "त्यालाच सांगायचं. बाज उचलता येते तर पाटीपण उचलता येईल."